दोन जावा, दोन रिपोर्ट

२०२४ चा जुलै. आमच्या तालुक्याच्या गावी शनिवारी बाजार भरतो, त्यामुळे त्या दिवशी दवाखान्यातली गर्दी ओसरायला दुपारचे तीन वाजतात. त्या शनिवारी शेवटी आत आली ती चार माणसं: सासूबाई, दोन सुना आणि धाकटीचा नवरा. धाकटीला नववा आठवडा चालू होता. डोळे रडून सुजलेले. नवऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, पिशवी रिकामी करायला सांगितलीय. सोमवारची तारीख दिलीय. तुम्ही एकदा बघा, मग काय ते ठरवू."

(कोणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. रिपोर्टांचा अर्थ ज्यावर ठरला ते सगळं तसंच आहे.)

कागदावर 'टॉर्च' या तपासणीचे आकडे होते. गरोदरपणात बाळापर्यंत पोचू शकणाऱ्या काही संसर्गांच्या अँटिबॉडी, म्हणजे त्यांच्याशी लढायला शरीर बनवतं ती रक्तातली प्रथिनं, एकाच नमुन्यात बघायच्या, त्याला हे नाव. वर्षभरापूर्वी, मार्च २०२३ मध्ये, धाकटीचं पहिलं बाळ आठव्या आठवड्यात पडलं होतं. म्हणून या वेळी आधीच्या डॉक्टरांनी सगळं 'आधीच बघून घेऊ' म्हणून ही तपासणी सांगितली होती. बाकीच्या ओळी साध्या अक्षरांत होत्या, रुबेलाच्या दोन मात्र ठळक. रुबेला आयजीजी १०४, पॉझिटिव्ह, मर्यादा १०. रुबेला आयजीएम १.३, पॉझिटिव्ह, मर्यादा १.१. कोणीतरी लाल पेनाने या दोन ओळींभोवती चौकोन काढला होता आणि बाजूला दोन उद्गारचिन्हं दिली होती. त्या उद्गारचिन्हांनी घरात जेवढी घबराट पसरली होती तेवढी आकड्यांनी पसरली नसेल.

घबराट बिनबुडाची होती असं मी म्हणणार नाही. रुबेला मोठ्या माणसाला फारसा त्रास देत नाही. दोन-तीन दिवस बारीक ताप, अंगावर फिकट लाल पुरळ, कानामागे आणि मानेवर मागच्या बाजूला गाठी, बायकांमध्ये कधी सांधे दुखतात. पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही. पण हाच विषाणू गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत गाठतो तेव्हा बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा दोष यांपैकी एक किंवा सगळंच होऊ शकतं. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या हे १९४१ मध्ये लक्षात आलं. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची माहिती त्यांनी मांडली. त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला हा पुरळाचा आजार होऊन गेला होता. पहिल्या आठ-दहा आठवड्यांत खरोखरचा रुबेला झाला तर दहापैकी नऊ बाळांना इजा होऊ शकते. सोळाव्या आठवड्याकडे जाताना हा धोका झपाट्याने उतरतो आणि विसाव्यानंतर तो फार क्वचित दिसतो. नवव्या आठवड्यात आयजीएम पॉझिटिव्ह हे शब्द वाचून कुठल्याही डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. माझ्याही आला.

पण ही तपासणी करायला कारण काय घडलं होतं, हे त्या कागदावरून कळत नव्हतं. म्हणून कागद बाजूला ठेवला आणि विचारायला लागले. गेल्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ? नाही. ताप? नाही. घरात, शेजारी, माहेरी कुठल्या पोराला पुरळ उठलं होतं? घरात थोरलीची पाच वर्षांची मुलगी, तिला गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेले, कार्ड आहे. गावात साथ? आशाताईला फोन लावला. तसं काही नाही म्हणाली. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "लहानपणी हिला गोवर झाला होता म्हणते हिची आई." ते मी लिहून घेतलं, पण त्यावर भिस्त ठेवली नाही. आपल्याकडे अंगावर काहीही लाल उठलं की त्याला गोवर म्हणतात. पुरळ बघून किंवा आठवून रुबेला होऊन गेल्याचं ठरवता येत नाही, त्याला रक्ताचीच साक्ष लागते.

रक्ताची साक्ष कशी वाचायची हे मी त्यांना सांगितलं, तसंच इथे सांगते. रुबेलाचा संसर्ग झाला की शरीर आधी आयजीएम ही अँटिबॉडी बनवतं. पुरळ उठल्यावर चार-पाच दिवसांत ती रक्तात सापडते, साधारण सहा ते आठ आठवडे टिकते आणि ओसरते. काही जणींमध्ये मात्र महिनोन् महिने रेंगाळते. तिच्या मागोमाग आयजीजी येते आणि ती बहुधा जन्मभर राहते. म्हणजे नुसती आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर अर्थ सरळ आहे: या बाईला रुबेला कधीतरी होऊन गेला आहे किंवा लस मिळाली आहे, आणि आता तिला संरक्षण आहे. गरोदर होण्याआधी रुबेलाची तपासणी करायची ती एवढंच बघायला. आयजीएम हा वेगळा प्रश्न आहे, 'आत्ताच झालाय का?' असा. तो प्रश्न जिला पुरळ आलंय किंवा जी पुरळवाल्या रुग्णाच्या जवळ गेली आहे तिच्याच बाबतीत विचारण्यासारखा आहे.

बाकीच्यांना विचारला तर काय होतं, ते मी त्यांना पाटीवरच्या गणितासारखं मांडून दाखवलं. समजा, पुरळ नाही, ताप नाही अशा हजार गरोदर बायकांचं आयजीएम केलं. त्यात खरोखर नुकताच रुबेला झालेली एक असेल असं धरू. आणि ही चाचणी शंभरात दोनदाच चुकीने पॉझिटिव्ह येते असं धरू. तरी हजारात वीस बायकांना रुबेला नसताना पॉझिटिव्ह रिपोर्ट मिळणार. एकवीस जणी कागद घेऊन रडत येणार आणि त्यांतल्या एकीलाच आजार असणार. आयजीएम चुकीने पॉझिटिव्ह यायला कारणंही बरीच आहेत. रक्तात संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर असला तरी येते. पार्व्हो किंवा एबस्टाइन-बार अशा दुसऱ्याच विषाणूचा संसर्ग झाला तरी येते. आणि १.१ ची मर्यादा असताना १.३ म्हणजे कुंपणाला लागूनच.

धाकटीचा नवरा गणित पटकन समजला. पण त्याने योग्य तोच प्रश्न विचारला: "त्या एकवीसमधली ती एक हीच नाही, हे कशावरून?"

ते ठरवायचे तीन मार्ग होते. पहिला, आधीचा रिपोर्ट. गरोदर राहण्याआधी आयजीजी चांगली पॉझिटिव्ह होती हे दाखवणारा कागद मिळाला तर निम्मी लढाई तिथेच संपते. दुसरा, आयजीजीची पकड बघणं. त्याला ॲव्हिडिटी म्हणतात. ताज्या संसर्गातली आयजीजी विषाणूला सैल धरते, महिने जातात तशी पकड घट्ट होत जाते. लॅबमध्ये ही अँटिबॉडी विषाणूच्या अंशाला चिकटू देतात आणि मग युरियाच्या द्रावणाने धुतात. सैल चिकटलेली निघून जाते, घट्ट धरलेली राहते. किती टक्के राहिली तो आकडा. पकड घट्ट निघाली तर गेल्या तीनेक महिन्यांत पहिला संसर्ग झालेला नाही असं म्हणता येतं, आणि नवव्या आठवड्यातल्या बाईला एवढंच कळायला हवं असतं. पकड सैल निघाली तर मात्र लगेच निकाल देता येत नाही, कारण लस घेतलेल्यांमध्ये ती घट्ट व्हायला जास्त वेळ लागतो. तिसरा मार्ग, दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने पुन्हा नमुना. खरा ताजा संसर्ग असेल तर आकडे जागेवर थांबत नाहीत. आयजीजी ठळकपणे चढते, आयजीएम चढून मग उतरायला लागते.

'त्याच लॅबमध्ये' यावर मी फार जोर दिला. एका कंपनीच्या किटवरचे ६० आणि दुसऱ्या कंपनीच्या किटवरचे १२० हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. लॅब बदलून आयजीजी दुप्पट झाली म्हणून संसर्ग झाला असं वाचणं म्हणजे एका दुकानच्या तराजूवर तोलून दुसऱ्या दुकानच्या तराजूवर वजन वाढलं म्हणणं.

आणि घाई नव्हती. आपल्या २०२१ च्या सुधारित कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. सोमवारची तारीख घरच्यांच्या भीतीने ठरली होती, त्यात वैद्यकीय निकड काही नव्हती. तीन आठवडे थांबून काही बिघडणार नव्हतं. न थांबता घेतलेला निर्णय मात्र परत फिरवता आला नसता. मी हे तेवढ्याच स्पष्ट शब्दांत सांगितलं. आधीच्या डॉक्टरांबद्दल काही बोलले नाही. पण इथे लिहायला हवं की त्यांनी घाई केली होती, आणि अशी घाई मी एकदाच पाहिलेली नाही. पॉझिटिव्ह आयजीएमचा एकच कागद बघून हव्या असलेल्या गरोदरपणाला हात लावणं मला मान्य नाही.

त्याच दिवशी ॲव्हिडिटीसाठी नमुना पुण्याला पाठवला. धाकटीला विचारलं, मागच्या वर्षी बाळ पडलं तेव्हा कुठल्या तपासण्या झाल्या होत्या? तिला आठवेना. तेव्हाची फाइल माहेरी होती. नवरा रविवारी मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, आत सोनोग्राफीचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं आणि त्या सगळ्याच्या तळाशी चार घड्या झालेला एक कागद. तोही टॉर्चचाच. एप्रिल २०२३. रुबेला आयजीजी ८८, पॉझिटिव्ह. आयजीएम ०.४, निगेटिव्ह. त्याच लॅबचा.

तो कागद मी दोनदा वाचला. हे दिवस राहण्याच्या वर्षभर आधीच तिच्याकडे भरपूर आयजीजी होती, म्हणजे संरक्षण होतं. ८८ आणि १०४ यांत फरक आहे असं म्हणण्यासारखं काही नाही. एकच नमुना दोनदा लावला तरी एवढं इकडेतिकडे होतं. रुबेला एकदा होऊन गेलेल्या बाईला पुन्हा संसर्ग होणं अगदी विरळ, आणि झाला तरी बाळाला इजा होण्याची शक्यता फार कमी. पुरळवाल्या कोणाच्या जवळ गेली होती का हे मी खोदून विचारलं ते त्याचसाठी. तशी कुणी नव्हती.

गुरुवारी ॲव्हिडिटी आली: ७८ टक्के. त्या किटवर ६० च्या वर म्हणजे घट्ट. अकराव्या आठवड्यात पुन्हा रक्त घेतलं: आयजीजी ९८, आयजीएम १.२. काहीच हललं नव्हतं. मी फाइलवर लिहिलं: 'रुबेलाचे जुने संरक्षण. आयजीएम चुकीने पॉझिटिव्ह. पुन्हा करू नये.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारली.

पण मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते धाकटीमुळे जितकं, तितकंच थोरलीमुळे. पहिल्या दिवशी ती दाराजवळच्या खुर्चीत बसून होती. निघताना तिने जावेच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "माझ्या वेळी बरं होतं मॅडम. देवाच्या कृपेने माझं सगळं निगेटिव्ह आलं होतं."

मी तिला थांबवलं. पाच वर्षांपूर्वीचा तो रिपोर्ट तिने दुसऱ्या दिवशी दिराबरोबर पाठवला. रुबेला आयजीजी ४.१. निगेटिव्ह.

कोविडनंतर आपल्या घराघरांत निगेटिव्ह म्हणजे सुटलो हे इतकं पक्कं झालंय की रुबेलाच्या आयजीजीच्या ओळीत तोच शब्द उलटा अर्थ सांगतो हे कोणाला सुचतच नाही. अख्खं घर जिच्यासाठी रडत होतं तिला संरक्षण होतं. जी देवाचे आभार मानत होती तिला नव्हतं. पहिल्या गरोदरपणात तिला रुबेला झाला नाही हे तिचं नशीब. बाळंतपणानंतर घरी जायच्या आधी लस द्यायला हवी होती. रुबेलाची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत, पण बाळंतपणानंतर लगेच देता येते, अंगावर पाजत असली तरी. आईचा रक्तगट निगेटिव्ह असून अँटी-डीचं इंजेक्शन दिलेलं असलं, तरी त्यासाठी लस टाळायची नसते. फक्त तीनेक महिन्यांनी आयजीजी बघून घ्यायची. तिच्या बाबतीत कोणी तो कागद पुन्हा उघडलाच नव्हता.

आणि दुसऱ्या बाळाचा विचार आता चालू होता.

या दोघीही लसीकरणाच्या मधल्या फटीत पडलेल्या वयाच्या. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलामुलींना शाळेत, अंगणवाडीत एक-एक डोस दिला आणि डाव्या अंगठ्याला शाई लावली. तेव्हा धाकटी अठरा वर्षांची होती, थोरली तेवीसची. त्या लहान असताना सरकारी वेळापत्रकात गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. खासगीत पैसे मोजून एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस, घेतली असेल तरच. खेड्यातल्या किती घरांनी ती घेतली असेल? आज पंचविशी-तिशीत असलेल्या पुष्कळ मुलींना संरक्षण आहे ते त्यांना रुबेला होऊन गेल्यामुळे, आणि ज्यांना तो झाला नाही त्यांना हे माहीत नाही.

थोरलीची पाळी नुकतीच आली होती. तिसऱ्या दिवशी बोलावलं, लघवीची तपासणी केली आणि दंडाला एमएमआरचा अर्धा मिलिलिटर दिला. अठ्ठावीस दिवस दिवस राहू द्यायचे नाहीत असं तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं. नवऱ्याने विचारलं, चुकून राहिलेच तर? तर पिशवी रिकामी करायचं कारण नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं. गरोदर असल्याचं न कळता लस घेतलेल्या कितीतरी बायकांवर लक्ष ठेवलं गेलं आहे आणि लशीमुळे बाळाला रुबेलाची इजा झाल्याचं त्यांत आढळलेलं नाही. काळजी म्हणून महिना थांबायचं.

सप्टेंबरच्या शेवटी ती भावाकडे पुण्याला गेली असताना वहिनीने हौसेने तिचं आयजीजी करून घेतलं. १२.६. शेरा: 'संदिग्ध'. फोनवर तिचा आवाज पार पडलेला. "मॅडम, लस लागलीच नाही का?"

इथे पुन्हा मर्यादेचा घोळ होता. त्या लॅबमध्ये १० च्या खाली निगेटिव्ह, १५ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं संदिग्ध. धाकटीचं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये १० ला सरळ पॉझिटिव्ह म्हणतात, तिथे हाच आकडा ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह छापून आला असता. पूर्वी बऱ्याच ठिकाणी १५ ची रेघ धरत, नंतर १० वर आणली. दहा पूर्णांक एकला संरक्षण आणि नऊ पूर्णांक नऊला नाही, असं शरीर काही मोजत नसतं. लस घेतल्यानंतर येणारे आकडे खरा रुबेला होऊन गेलेल्यांपेक्षा कमी असतात, आणि शरीराची आठवण नुसत्या अँटिबॉडीतच असते असंही नाही. लशीचा डोस कागदावर नोंदलेला आहे आणि आयजीजी स्पष्ट पॉझिटिव्ह नाही, अशा बाईला आणखी एक डोस द्यायचा आणि मग तपासत बसायचं नाही, ही रीत मला पटते. ऑक्टोबरमध्ये दुसरा डोस दिला. पुन्हा अठ्ठावीस दिवस. ती कुरकुरली, पण थांबली.

जानेवारीच्या अखेरीस धाकटी बाळंत झाली. मुलगी, दोन किलो आठशे. बालरोगतज्ज्ञांनी डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, दोन्हीकडे लाल चमक छान आली. हृदयाचे ठोके स्वच्छ. तिसऱ्या दिवशी कानांची तपासणी करणारी मुलगी आपलं छोटं यंत्र घेऊन आली. बाळ झोपलेलं असताना कानात बारीक नळी ठेवायची असते, म्हणून खोलीतल्या सगळ्यांना तिने गप्प बसवलं. दोन्ही कान पास. रिपोर्टांनी काही सांगितलं असलं तरी या घराला हे कानाने ऐकायचं होतं, म्हणून मी मुद्दाम थांबले होते.

घरी सोडायच्या दिवशी सासूबाई पिशवी घेऊन आत आल्या. तीच, साडीच्या दुकानाची. आत दोघी सुनांच्या फायली. थोरलीला सहावा आठवडा लागला होता, पण बाळंतपणाला ती माहेरी जाणार होती, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या डॉक्टरांकडे.

"डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या, "तिथं परत ते टॉर्च करतील. परत पॉझिटिव्ह येईल. काय करायचं?"

त्यांची शंका रास्त होती. लस घेतल्यावरही आयजीएम कधीकधी महिनोन् महिने रेंगाळते. मी थोरलीच्या फाइलचं पहिलं पान उघडलं आणि वर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं: 'रुबेला: लशीचे दोन डोस झाले आहेत, जुलै व ऑक्टोबर २०२४. पुरळ किंवा रुग्णाशी संपर्क नसल्यास आयजीएम करू नये.' खाली सही, शिक्का, फोन नंबर. सासूबाईंनी ते मोठ्याने वाचलं, शाई वाळेपर्यंत फाइल उघडी धरली आणि मग पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.